डोंगरातल्या बाईक ट्रिपचा प्लॅन मागच्या सीटवरून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही आठ वर्षं एकटे लांबच्या राइड करताय, बायको आत्तापर्यंत फक्त शहरात मागे बसलीय, आता दोघं पहिल्यांदाच दहा दिवस डोंगरात जाणार, रोज साधारण 350 किलोमीटर धरलेत, गाडी 400 सीसीची आहे तर ती झेपेल का, टॉप बॉक्स, म्हणजे मागच्या सीटच्या मागे बसवायची सामानाची पेटी, लावावा का आणि तयारी काय करायची.

आधी सरळ उत्तर देते. गाडी झेपेल. 350 किलोमीटर झेपणार नाहीत. ते निम्मे करा, म्हणजे 150 ते 180, आणि दहापैकी दोन दिवस गाडीला हातच लावायचा नाही असे ठेवा. बाकी जे काही लिहितेय ते सगळं याच्या पोटातलंच आहे.

मी कुठून बोलतेय ते सांगते. मी बारा वर्षं नवऱ्याच्या मागे बसून डोंगरात फिरले, मग स्वतः गाडी शिकले, आणि गेली नऊ वर्षं आलटून पालटून आम्ही दोघंही चालवतो, कधी तो मागे कधी मी. दोन्ही सीटवरून एकच घाट कसा वेगवेगळा दिसतो ते मला चांगलं माहितीय, आणि तुमचा प्रश्न वाचताना मला सगळ्यात जास्त जाणवलं ते हे की गाडीबद्दल तुम्ही खूप विचार केलाय, मागे बसणाऱ्या माणसाबद्दल अजून केलेला नाही. ट्रिप फसते ती बहुतेक वेळा तिथेच फसते, इंजिनात नाही.

किलोमीटरचं गणित असं आहे. सपाट हायवेवर तुम्ही 350 पाच-सहा तासात सहज काढत असाल. डोंगरात चढ-उतार, हेअरपिन म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारी वळणं, समोरून येणारे ट्रक, कुठे रस्ता उखडलेला, कुठे दरड काढायचं काम चालू, हे सगळं धरून सरासरी ताशी 30 ते 35 पडते, चांगला रस्ता असेल तर 40. म्हणजे 350 ला दहा तास नुसते सीटवर, त्यात थांबे धरा, जेवण धरा, फोटो धरा, की सकाळी अंधारात निघून रात्री अंधारातच पोचणार. आणि अनोळखी घाटात अंधार पडल्यावर दोघांनी गाडीवर असू नये, यात मी काहीच सूट देत नाही. म्हणून किलोमीटर मोजूच नका, सीटवरचे तास मोजा. पाच तास, फार तर साडेपाच. दुपारी तीन-साडेतीनला मुक्कामी पोचायचं. डोंगरात दुपारनंतर ढग भरून येतात, वारा सुटतो, पाऊस बहुतेक तेव्हाच येतो, त्यामुळे लवकर पोचण्यात नुसता आराम नाही, सेफ्टीही आहे.

आता मागे बसणारा जास्त का दमतो ते समजून घ्या, कारण चालवणाऱ्याला हे खरंच कळत नाही, मलाही पुढे बसायला लागल्यावर पहिल्यांदा कळलं की अरे, पुढे किती सोपं आहे. पुढच्याच्या हातात हँडल असतं, गुडघ्यात टाकी असते, रस्ता समोर दिसतो, ब्रेक कधी लागणार हे त्याला आधीच माहीत असतं कारण तो स्वतःच लावणार असतो, त्याचं शरीर अर्धा सेकंद आधी तयार झालेलं असतं. मागच्याला यातलं काहीच मिळत नाही. समोर हेल्मेटची पाठ, आणि प्रत्येक ब्रेक, प्रत्येक खड्डा, प्रत्येक वळण अचानक. त्या अचानकपणासाठी अंग सतत आवळून बसावं लागतं, मांड्या, पोट, मान, खांदे, आणि दिवसभर असं आवळून बसलं की संध्याकाळी माणूस गाडीवरून उतरतो तेव्हा त्याला बोलावंसं पण वाटत नाही. ते रुसणं नसतं, थकवा असतो. त्यात मागची सीट बहुतेक गाड्यांवर अरुंद आणि कडक, आणि मागच्या चाकाच्या जवळजवळ वरच, त्यामुळे दणके थेट कण्यात. तुमचं बूड दुखायला लागेपर्यंत वाट बघू नका, तोपर्यंत तिचं दुखून एक तास झालेला असतो. दर पाऊण तासाला, जास्तीत जास्त एक तासाला थांबा, पाच मिनिटं का होईना, दोघांनी खाली उतरून चालायचं.

आता बसण्याबद्दल. हे तिच्याशी आधी बोला, आणि घरी उभ्या गाडीवर करून बघा, घाटात पोचून पहिल्या वळणावर शिकवायला जाऊ नका.

चढणं-उतरणं. तुम्ही दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवून, पुढचा ब्रेक दाबून धरायचा, मग मान हलवून किंवा शब्दाने ‘ये’ म्हणायचं, त्याच्या आधी तिने गाडीला हात लावायचा नाही. तिने तुमच्या खांद्यावर हात ठेवून पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, पाय द्यायचा आणि वजन गाडीच्या मध्याकडे ठेवत पाय पलीकडे टाकायचा. टॉप बॉक्स असेल तर पाय त्याच्या पुढून वाकवून न्यावा लागतो, पहिल्या दहा वेळा बूट हमखास बॉक्सला लागतो, म्हणून घरीच वीस वेळा करा. उतरतानाही तेच, तुम्ही ‘उतर’ म्हटल्याशिवाय नाही. उभ्या असलेल्या गाड्या आडव्या होतात त्या याच वेळी, तुम्ही पाय टेकवायच्या आधी मागच्याने वजन एका बाजूला टाकलं की लोड केलेली गाडी कोणीच सावरू शकत नाही.

हात. शहरात कंबरेला धरून बसतात ते ठीक आहे, पण उतारावर प्रत्येक ब्रेकला तिचं सगळं वजन तुमच्या पाठीवर येणार आणि ते तुमच्या मनगटांवर उतरणार, दोन तासांत तुमचे तळहात बधिर होतील आणि स्टिअरिंग जड होईल. म्हणून चढावर मागची ग्रॅब रेल (सीटमागची धरायची दांडी) किंवा तुमची कंबर, आणि उतारावर एक हात पुढे टाकीवर टेकवायचा आणि एक मागे रेलवर. टाकीवर हात पोचतो का, टँक बॅग मध्ये येते का, हे आधी बघून ठेवा. ब्रेकच्या वेळी गुडघ्यांनी तुमच्या कंबरेच्या बाजूंना आवळायचं, त्याने तिचं शरीर पायांवर थांबतं आणि हेल्मेटला हेल्मेट आपटत नाही. हेल्मेट सारखं आपटत असेल तर तिला दोष देऊ नका, तुम्ही ब्रेक झटक्यात लावताय किंवा गिअर उशिरा बदलताय.

वळणात तिने काय करायचं याचं उत्तर एका वाक्यात आहे, वळण ज्या बाजूला त्या बाजूच्या तुमच्या खांद्यावरून पुढे बघायचं. बस. वाकायला सांगू नका, ‘माझ्याबरोबर लीन हो’ असं पण सांगू नका, नवीन माणूस मग जास्तच वाकतो किंवा घाबरून उलट्या बाजूला ताठ होतो. आतल्या खांद्यावरून बघितलं की डोकं आपोआप बरोबर जागी येतं आणि धड त्याच्या मागे जातं. आणि वळणाच्या मध्यावर हलायचं नाही, खिशातला फोन काढणं, सीटवर सरकणं, मागे वळून डोंगर बघणं, हे सगळं सरळ रस्त्यावर. आपल्याला वाटतं एवढ्याशा हलण्याने काय होणार, पण हळू स्पीडवर हेअरपिनमध्ये मागच्याने नुसते खांदे फिरवले तरी गाडी हातभर बाहेर जाते, आणि तिथे हातभर म्हणजे समोरच्या लेनमध्ये किंवा कडेच्या खडीत.

मला स्वतःला मागे बसून हे ज्या दिवशी समजलं तो दिवस अजून आठवतो. एका लांब उतारावर एकामागोमाग हेअरपिन होते, आणि दरीच्या बाजूचं वळण आलं की मी नकळत डोंगराकडे झुकत होते, कारण दरी दिसत होती आणि शरीर लांब पळत होतं. नवरा काही बोलला नाही पण चौथ्या वळणानंतर त्याने गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं, त्याचा चेहरा घामाने भिजलेला होता आणि बाहेर चांगली थंडी होती. तो म्हणाला गाडी वळत नाहीये, मला हँडल ओढावं लागतंय. मग त्याने सांगितलं, दरीकडे बघू नकोस, माझ्या खांद्यावरून वळण जिथे संपतं तिथे बघ. पुढच्या वळणाला मी त्याच्या जॅकेटच्या खांद्यावरची शिवण दिसेल एवढी मान पुढे काढली, शिवणीच्या पलीकडे रस्त्याची पांढरी पट्टी दिसायला लागली, आणि गाडी इतकी हलकी वळली की मला वाटलं त्याने काहीतरी वेगळं केलं. त्याने काहीच केलं नव्हतं.

दरीची भीती ही खरी गोष्ट आहे हेही लक्षात ठेवा. तुम्हाला वाटत नसेल कारण कंट्रोल तुमच्याकडे आहे. तिला वाटली तर ‘काही होत नाही’ असं म्हणू नका, स्पीड 10 ने कमी करा, लगेच. ते एकच उत्तर असतं जे मागे बसलेल्याला ऐकू येतं.

आता गाडीकडे येऊ. सीसीपेक्षा महत्त्वाचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, गाडीवर जास्तीत जास्त किती वजन चालतं तो. समजा तो 180 किलो आहे. तुम्ही 78, ती 62, झाले 140. दोघांची हेल्मेट, जॅकेट, बूट मिळून 15-16 किलो होतातच. राहिले 24-25, त्यातच बॉक्स, त्याची लोखंडी फ्रेम, टूलकिट, पाणी आणि कपडे. फ्रेम आणि रिकामे बॉक्सच दहा-बारा किलो खातात. म्हणजे दोघांचे मिळून कपडे बारा किलोच्या आसपास, आणि ते पुरतात, दर तीन दिवसांनी धुवायचे. जड सामान खाली आणि मध्याजवळ, हलकं वर आणि मागे. टॉप बॉक्स मागच्या चाकाच्या ॲक्सलच्याही मागे लटकतो, त्यात जड भरलं की पुढचं चाक हलकं होतं, चढावरच्या हेअरपिनला हँडल तरंगल्यासारखं वाटतं आणि सरळ रस्त्यावर वाऱ्यात गाडी डुलते. त्यात रेनसूट, जर्किन, ग्लोव्हज एवढंच.

मागच्या सस्पेन्शनचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवा. एकट्याच्या सेटिंगवर दोघं बसून सामान लादलं की मागची बाजू खाली बसते, पुढचं वर उचलतं, गाडी वळायला आळशी होते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आपटतं. दोघं बसल्यावर सस्पेन्शन जेवढं एकूण दबू शकतं त्याच्या साधारण एक तृतीयांश दबलं पाहिजे, एवढं ढोबळ माप पुरे. टायरची हवा मॅन्युअलमध्ये दोघांसाठी वेगळी दिलेली असते, तीच भरा आणि रोज सकाळी टायर थंड असताना बघा. चेनही दोघं बसल्यावर ताणली जाते, म्हणून रिकाम्या गाडीवर घट्ट करून ठेवू नका, मॅन्युअलमध्ये जेवढी ढिलाई दिलीय तेवढी राहू द्या. हे सगळं केल्यावर हेडलाइट पुन्हा ॲडजस्ट करा.

उंचीवर पॉवर कमी होते, साधारण दर 1000 मीटरला दहा टक्के, कारण हवाच विरळ असते. फ्युएल इंजेक्शन मिश्रण सांभाळून घेतं पण नसलेली हवा कुठून आणणार. म्हणजे 3000 मीटरवर तुमची 400 सीसी साधारण 280 सारखी ओढेल, दोघं आणि सामान घेऊन. चालतं, फक्त ओव्हरटेक करताना खालच्या अंदाजावर जाऊ नका, आणि चढावर एक गिअर खाली ठेवा, इंजिन धापा टाकेपर्यंत वाट बघू नका.

पण चढापेक्षा उताराची काळजी करा. हे मी तळमळीने लिहितेय कारण एकटा चालवणारा माणूस दोघांना घेऊन जातो तेव्हा सगळ्यात जास्त इथेच चुकतो. एक हिशोब करून बघा, 1000 मीटर उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते ती ताशी 80 वरून पूर्ण थांबण्याच्या साधारण 40 ब्रेकिंगइतकी होते. चाळीस. यातलं काही हवा खाते, काही इंजिन खातं, उरलेलं सगळं ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जातं. आणि दोघांचं वजन धरलं की तीच डिस्क, तेच पॅड, पण उष्णता बरीच जास्त.

आमच्या बाबतीत हे झालंय. मीच चालवत होते, तो मागे, बॉक्स भरलेले, आणि मी अख्खा उतार चौथ्या गिअरमध्ये मागच्या ब्रेकवर पाय ठेवून उतरले, कारण गाडी शांत वाटत होती. अर्ध्या तासाने एका वळणाच्या आधी पाय दाबला तर पेडल स्पंजसारखं खाली गेलं, काहीच नाही. पुढचा ब्रेक होता म्हणून गाडी थांबली. बाजूला घेतली तर डिस्क निळसर पडलेली, आणि जळका करपट वास, तो वास एकदा आला की विसरत नाही. अर्धा तास आम्ही दोघं दगडावर बसून डिस्क थंड व्हायची वाट बघत होतो आणि माझे हात थरथरत होते. कारण नंतर कळलं, ब्रेक फ्लुइड तीन वर्षं बदललं नव्हतं. हे फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 या प्रकारचं फ्लुइड नवं असताना किमान 230 अंशाला उकळतं, पाणी मुरलं की ती मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते, आणि उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ब्रेक गायब.

म्हणून निघायच्या आधी फ्लुइड बदला, पॅड अर्ध्याच्या खाली असतील तर नवे टाका. आणि उतारावर ज्या गिअरने तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा, कधी पहिला. इंजिन ओरडतंय असं वाटेल, ओरडू दे, मीटरवरच्या लाल पट्ट्याच्या (रेड लाइनच्या) खाली आहे तोवर त्याला काही होत नाही. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत, दोन्ही मिळून, थोडा वेळ पण नीट दाबून, मग पूर्ण सोडायचा. सतत घासत ठेवायचा नाही, मधे सोडल्यावरच तो थंड होतो. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरणं हा विषयच नको.

हेअरपिन. युरोपातल्या आल्प्समध्ये स्टेल्व्हिओ नावाची खिंड आहे, 2757 मीटरवर, तिच्या एका बाजूला 48 हेअरपिन आहेत आणि प्रत्येकाला नंबरची पाटी आहे. लोक अशा रस्त्यांची स्वप्नं बघतात, पण 48 म्हणजे एका बाजूला 48 वेळा ब्रेक, गिअर, मान, क्लच, थ्रॉटल, आणि मागच्याला 48 धक्के. हेअरपिनची पद्धत अशी ठेवा, वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर स्पीड आणि गिअर दोन्ही संपवून टाका, आपल्या लेनच्या बाहेरच्या कडेने आत शिरा, मान इतकी वळवा की हनुवटी खांद्याला लागेल, आणि वळण सुटताना जिथे जायचंय तिथेच नजर ठेवा. आत लवकर घुसू नका, जो लवकर आत घुसतो तो पुढे समोरच्या लेनमध्ये फेकला जातो. चढावर अगदी टाइट वळण असेल तर पहिला गिअर, थ्रॉटल एकसारखा, क्लच किंचित सोडत-धरत, आणि मधेच थ्रॉटल बंद करू नका, दोघांच्या वजनाने गाडी तिथेच आतल्या बाजूला पडते. उतारावर वळताना पुढचा ब्रेक सोडलेला हवा, मागचा हलकासा धरला तर चालतो, त्याने गाडी स्थिर राहते.

ट्रक आणि बसला हेअरपिनला पूर्ण रस्ता लागतो, ते तुमच्या लेनमध्ये येणारच. वरच्या-खालच्या वळणावर काय येतंय ते आधी बघून ठेवा, मोठी गाडी दिसली तर वळणात शिरूच नका, आधीच्या सरळ भागात थांबा. इथे मागचा माणूस खूप उपयोगी पडतो. त्याला वर-खाली बघायला वेळ असतो. माझा नवरा मागे असला की ‘वरून बस येतेय, दोन वळणं वर’ असं सांगतो आणि मी निवांत थांबते. तिला हे काम द्या. नुसतं बसण्यापेक्षा काहीतरी बघायचंय म्हटलं की भीतीही कमी होते आणि झोपही उडते, दुपारी जेवणानंतर मागच्याला झोप येते, हे खरंच होतं आणि धोक्याचं आहे.

वरून खाली पाणी वाहतंय, खडी पसरलीय, चिखल आहे, तिथे तिला उतरवा. कमीपणा वाटून घेऊ नका कोणीच. ती चालत पुढे जाईल, कुठून खोल आहे ते बघेल, पलीकडून खूण करेल, आणि 60-70 किलो कमी झालेली गाडी तुम्ही पायांवर उभं राहून आरामात काढाल. बर्फ वितळून येणारे ओढे असतील तर ते सकाळी लवकर पार करा, ऊन चढलं की दुपारपर्यंत पाणी वाढतं. सावलीतल्या वळणांवर सकाळी पातळ बर्फाचा थर असू शकतो, रस्ता नुसता ओला दिसतो, तिथे ब्रेक, लीन, थ्रॉटल काहीच जोरात नाही.

थंडीचं पटकन सांगते. दर 1000 मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. 10 अंशात 60 च्या स्पीडने गेलं की उघड्या त्वचेला ते 5 अंशासारखं लागतं. कपडे थरांमध्ये घ्या, अंगाला लागून कॉटन नको, घाम धरून ठेवतं आणि मग थंड पडतं. मागे बसलेल्याला हालचाल नसते म्हणून तो आधी गारठतो, तुमच्यापेक्षा तिला एक थर जास्त द्या. तिची जॅकेट, ग्लोव्हज, बूट तुमच्याइतकेच चांगले हवेत. तुम्ही आर्मर घातलेलं आणि ती स्वेटर आणि स्पोर्ट शूजमध्ये, असं मी रस्त्यावर इतक्यांदा बघते आणि दर वेळी पोटात कालवतं, कारण पडलात तर रस्ता दोघांना सारखाच लागतो. तिचं हेल्मेटही तिच्या मापाचंच असू द्या, जुनं सैल पडलेलं नको.

उंची. 2500 मीटरच्या वर मुक्काम असेल तर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, फिट माणसालाही. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं. 3000 च्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्त थांबा. दिवसा उंच खिंड ओलांडून खाली येऊन झोपलात तर चालतं. त्रास असताना अजून वर जायचं नाही, आणि माणूस अडखळत चालायला लागला, गोंधळल्यासारखं बोलायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर वाट न बघता लगेच खाली, आणि डॉक्टरकडे. औषधांचं निघायच्या आधी दोघांनी डॉक्टरांना विचारा, विशेषतः बीपी, दमा असं काही असेल तर. आणि गाडी चालवणाऱ्यालाच त्रास झाला तर काय करायचं हेही आधी ठरवा, तुमचा रिअ‍ॅक्शन टाइम मंदावतो आणि तुम्हाला ते कळत नाही, तिला कळेल. तेव्हा तिचं ऐका.

दोघांनी बोलण्याची सोय करा. हेल्मेटमधला इंटरकॉम घेता आला तर टॉप बॉक्सच्या आधी तो घ्या. ‘पुढे खड्डा’, ‘ब्रेक मारतोय’, ‘आता ओव्हरटेक’ असं दोन शब्दांत सांगत राहिलं की मागच्याचा तो अचानकपणा निघून जातो, थकवा खरंच कमी होतो. नसेल तर खुणा ठरवा, मांडीवर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे पुढच्या सेफ जागी थांब, सतत थापा म्हणजे आत्ता थांब. आणि एक नियम आमच्याकडे सुरुवातीपासून आहे, थांब म्हटलं की थांबायचं, का ते थांबल्यावर विचारायचं, आणि कारण छोटं निघालं तरी तोंड वाकडं करायचं नाही. एकदा तोंड वाकडं केलंत की पुढच्या वेळी ती सांगणार नाही, लघवी दाबून, पाठ धरून, गारठून बसून राहील, आणि पाचव्या दिवशी ते सगळं एकदम बाहेर येईल.

भांडण होणार, तेही सांगते. बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दुपारी, उपाशी पोटी, रस्ता चुकल्यावर. तेव्हा गाडी थांबवा, काहीतरी खा, अर्धा तास गप्प बसा. भांडत असताना गाडी चालवू नका, रागात थ्रॉटलवरचा हात जड होतो आणि मागचा माणूस तो प्रत्येक झटका अंगावर घेतो. म्हणूनच पहिला मोकळा दिवस चौथा ठेवा, नववा नाही.

टॉप बॉक्सचं राहिलं. लावा, पण सामानासाठी नाही, पाठीसाठी. त्याला पुढून जाड पॅड लावून मिळतं, त्यावर ती टेकू शकते आणि चढावर मागे पडायची भीती जाते. फक्त बॉक्स इतका पुढे बसवू नका की ती तुमच्यावर ढकलली जाईल, आणि इतका मागेही नको की टेकायला तिला आडवं व्हावं लागेल. हे तिला बसवूनच ठरवा, बसवणाऱ्याच्या अंदाजावर सोडू नका.

आणि तुम्ही म्हणताय निघायला अजून सहा आठवडे आहेत, तर येत्या रविवारी पूर्ण सामान लादून, पूर्ण कपडे घालून, जवळचा कुठलाही घाट घ्या, जाऊन-येऊन चार तासांचा. परत आल्यावर तिला एक वही द्या आणि विचारा, कुठे दुखलं, कितव्या तासाला दुखायला लागलं, कधी भीती वाटली, हात कुठे ठेवावे कळत नव्हतं, काय घातलेलं चुकीचं होतं. मधे बोलू नका, सगळं लिहू द्या. सीटला जेल पॅड लागेल, पेगची उंची बदलावी लागेल, ग्लोव्हज मोठे होत असतील, असं काहीतरी निघेलच. मग ते दुरुस्त करून दोन आठवड्यांनी पुन्हा तोच घाट, तेवढाच वेळ, तीच वही.